ग्यानाचे पिच्चर

आई गेली त्या वर्षी बाबांनी मोबाइल हातात घेतला, तो खाली ठेवलाच नाही. मोबाइल भावानं दिलेला. तो पुण्याला नोकरीला, मी कारंज्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स, आणि बाबा जऊळक्याच्या घरी एकटे. रोज तोंड तरी दिसेल, एवढाच भावाचा हेतू होता. पण स्क्रीनवर आमचे चेहरे आले की बाबांना काय बोलावं ते सुचायचं नाही. "जेवलो. बरा हाय. ठेवतो." झालं.

मग कुणीतरी त्यांना व्हिडिओ कसे लावायचे ते दाखवलं. आधी त्यांनी वंदना लावली, मग एका भन्तेजींचं प्रवचन, आणि त्यानंतर मोबाइलच त्यांना एकापुढे एक वाढत गेला. खळखळून हसत बोलणारा एक म्हातारा भिक्खू. मरणाच्या दारातल्या माणसांना शेवटी काय हवं असतं ते सांगणारी एक डॉक्टर. डोंगरातल्या कुठल्याशा गावातले लोक थोडक्यात कसे सुखी राहतात, त्याचा माहितीपट. बरंचसं हिंदीत, काही मराठीत. बाबा ओसरीवरच्या बाजेवर बसून हे सकाळपासून ऐकायचे.

बाबा रेल्वेत गँगमन होते. रुळाखालची खडी सावरणं, स्लीपर बदलणं, उन्हात रूळ सरळ करणं, असं सगळं आयुष्य घणाच्या आवाजात गेलं आणि कान अर्धेअधिक तिथेच राहिले. त्यामुळे मोबाइलचा आवाज पूर्ण वर. मी रविवारी शेलूबाजारवरून एसटीनं यायची, तर गल्लीच्या तोंडाशीच ऐकू यायचं, 'आनंद बाहर मत ढूँढिए, वो आपके भीतर है.' आत येऊन पाहावं तर आनंदाचं भाषण ऐकणाऱ्याचा चेहरा तव्याच्या पाठीसारखा.

एकदा मी चिडून म्हणाले, "बाबा, दिवसभर आनंदाचे भाषनं आयकता, आन् तोंड असं काहून?"

ते शांतपणे म्हणाले, "आयकून राह्यलो ना. आनंद आला का सांगतो तुले."

आमच्या घरामागे भाजीचा मळा आहे. तो शेजारच्या माळी कुटुंबाचा. मधे फक्त तुराट्यांचं कुंपण. त्या घरच्या मावशी साठी ओलांडलेल्या, पण अजून मळ्यात त्यांच्याशिवाय पान हलत नाही. पालक, वांगी, आणि सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्याच्या जुड्या बांधून त्या बाजाराला पाठवायच्या. दिवसभर वाफ्यात वाकलेल्या असायच्या आणि दिवसभर बाबांचा मोबाइल त्यांच्या कानावर पडायचा. न ऐकायची सोयच नव्हती.

एके दिवशी एक स्वामी सांगत होते की दुःख शरीरात नसतं, मनात असतं. तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली.

"ओ भाऊ! थ्या महाराजाले इचारा जरा. दुख मनात असते म्हन्ते, मंग माह्या गुडघ्यात काय हाय?"

बाबा दचकले. आई गेल्यापासून त्यांच्याशी कुणी असं थेट बोललं नव्हतं. सगळे दबक्या आवाजात बोलायचे. त्यांनी मोबाइल थांबवला आणि म्हणाले, "त्याले आयकू जात नाई बाई. थो मोबाइलात हाय."

"मंग तुमी सांगा. तुमी तं रोज आयकता."

बाबांनी मोबाइल पुन्हा लावला. पण गोष्ट डोक्यात राहिली असावी. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःहून कुंपणाशी गेले.

"बाई, गुडघा दुखते थे गुडघ्याचं. पन गुडघा दुखून राह्यला म्हनून आपुन सुनेवर वरडतो, थे मनातलं."

मावशी खुरपं घेऊन उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "मी सुनेवर वरडते हे तुमाले कोनं सांगतलं?"

"कुंपन तुराट्याचं हाय, बाई. इकडचं तिकडे जाते तसं तिकडचंही इकडे येते."

हे मला मावशींनीच त्या रविवारी सांगितलं, आणि सांगताना त्या इतक्या हसल्या की जुडी बांधायचा दोरा हातातून सुटला. त्यानंतर रोजचंच झालं. बाबा एखादं व्याख्यान लावायचे, मावशी वाफ्यातून त्यावर बोट ठेवायच्या. वक्ता म्हणाला की क्षमा करा, तर मावशी विचारणार, "समोरच्यानं मागतलीच नाई तं?" कुणी म्हणालं की गरजा कमी करा, तर मावशी म्हणणार, "याले सांगा एक दिवस माह्या घरचा सैपाक कर, मंग समजते गरजा कशा असतात थे." बाबा कधी वक्त्याची बाजू घ्यायचे, कधी मावशींची. मी फोन केला की आता "जेवलो, बरा हाय" वर थांबायचे नाहीत. "आज बाईनं पुना आडवलं मले," असं सुरू व्हायचं. मावशींनी या सगळ्याला नाव ठेवलं होतं, ग्यानाचे पिच्चर.

आमच्या विहारात वर्षावासात संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. शेतातून आलेल्या बाया भिंतीला टेकून बसतात, आणि वाचणाऱ्याचा आवाज एकसुरी असला की निम्म्या डुलक्या घेतात. विहारात मोठा टीव्ही होता, नोकरीवर लागलेल्या पोरांनी वर्गणी काढून बसवलेला. जयंती सोडली तर तो कापडाखाली झाकलेला असायचा. बाबांनी पंचकमिटीला विचारलं की रविवारी वाचन झाल्यावर त्यावर एखादा चांगला माहितीपट दाखवावा का. कुणाची हरकत नव्हती. मोबाइल टीव्हीला जोडायची वायर मी कारंज्याहून आणली.

पहिल्या रविवारी तो डोंगरातल्या गावाचा माहितीपट लावला. बर्फ, लोकरीचे कपडे, दगडी घरं. विचारणारा गावातल्या एकेकाला विचारत होता की तुम्ही सुखी कशानं आहात. एक म्हातारी म्हणाली, माझी गाय व्याली आहे आणि शेजारीण चहा प्यायला येते. आमच्या बायांना हे फार आवडलं. "बरोबर हाय वं हिचं," असं सगळीकडून झालं.

मावशी दाराशी उभ्या होत्या. विहाराची भिंत त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. कुणी येऊ नका म्हटलं नव्हतं आणि कुणी या म्हटलं नव्हतं, असं ते होतं. एका बाईनं मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "या ना मावशी, चपला तिथीच काढा." त्या आल्या, दाराजवळ बसल्या, आणि अर्ध्या पिच्चरला पुढे सरकून टीव्हीच्या समोर आल्या.

हिंदी सगळ्यांना कळत होतं असं नाही. म्हणून शेवटी कुणीतरी बाबांना म्हणालं की आपल्या बोलीत थोडं समजावून सांगा. बाबा उभे राहिले. मी त्यांना चार लोकांसमोर बोलताना आयुष्यात पाहिलं नव्हतं. घरात कमी बोलणारा, पटरीवर खाली मान घालून काम करणारा माणूस. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना, म्हणून मागे बांधले. पण बोलले. साधं, अडखळत, मधेच थांबून. खाली बसले तेव्हा कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर काहीतरी उजळ.

असे काही रविवार गेले. पावसाळा सरत आला, सोयाबीन पिवळं पडायला लागलं, तरी लोक यायचे. मग एका रविवारी बाबांनी वेगळाच माहितीपट लावला. परदेशातलं एक घर होतं, आजारी आणि एकट्या माणसांचं. तिथे गावातले साधे लोक यायचे आणि नुसते बसायचे. औषध नाही, उपदेश नाही. ज्याच्याकडे कुणी नाही त्याच्या खाटेपाशी दोन तास बसायचं. त्यात एक बाई लकव्यानं वाचा गेलेल्या म्हाताऱ्यांबरोबर गाणी म्हणायची, आणि बोलता न येणारे ते म्हातारे गाण्याचे शब्द मात्र म्हणायचे.

पिच्चर संपला तरी कुणी उठेना. मावशींनीही काही खोट काढली नाही. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "आपल्या गावात असं कोन हाय?"

सगळ्यांना उत्तर माहीत होतं. दोनचार जणांनी बाबांकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

त्याचं कारण सांगायला मागे जावं लागेल. बाबांचा एक जोडीदार होता, त्यांच्याच गँगमधला, गावाच्या वरच्या आळीतला. दोघं एकाच दिवशी कामावर लागले होते. दुपारी बाभळीखाली बसून दोघांचे डबे एकत्र उघडायचे. त्याच्या घरचं पिठलं बाबा खायचे, आमच्या घरचा ठेचा तो खायचा. आईला तो वहिनी म्हणायचा. मी शाळेत असताना त्याच्या मुलीचं लग्न निघालं. आम्ही नवे कपडे घालून गेलो. मांडवात पंगती बसत होत्या, आम्हीही बसलो. तेवढ्यात त्यांच्याकडचा एक म्हातारा नातेवाईक आला आणि बाबांना म्हणाला, "तुमी लोकं थ्या बाजूनं बसा. तुमची पंगत मांगून हाय."

जोडीदार तिथेच होता. हातात वरणाची बादली घेऊन. त्यानं सगळं ऐकलं, आणि खाली पाहिलं.

बाबा उठले. एका हातानं आईला, दुसऱ्या हातानं मला धरलं आणि घरी आले. आईनं खिचडी टाकली. पुढे बाबांनी दुसरी गँग मागून घेतली. दोघं एकाच गावात राहिले, एकाच स्टेशनवर उतरले, एकाच वर्षी रिटायर झाले, पण पुन्हा एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

आणि आता त्या जोडीदाराला लकवा झाला होता. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. मुलगी लांब सासरी. घरात तो आणि त्याची बायको. त्या काकू बाहेर दिसायच्याच नाहीत. दळण, किराणा सगळं कुणाकडून तरी मागवायच्या. त्याला एकटं सोडता येत नव्हतं.

मी सोमवारी सकाळच्या गाडीनं कारंज्याला ड्यूटीवर गेले. दुपारी मावशींचा फोन आला.

"तुहा बाप गेला वं त्याच्या घरी!"

"कोनाच्या?"

"कोनाच्या काय इचारते? सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गेला. आताच परत आला."

त्या आठवड्यात मला रविवारची वाट पाहवेना. आले ती बाबांच्या समोर जाऊन बसले. त्यांनी सांगितलं ते असं. काकूंनी दार उघडलं आणि घाबरून विचारलं, "काय पायजे भाऊ?" बाबा म्हणाले, "काई नाई. मी बसतो त्याच्यापाशी. तुमी जाऊन या."

"कुठी?"

"कुठीही. मी हाय अथी."

काकूंना जायला जागाच सुचेना. उंबऱ्यात बराच वेळ उभ्या राहिल्या. मग पदर सारखा करून निघाल्या आणि स्टेशनवर जाऊन बाकावर बसल्या. एक गाडी आली, लोक उतरले, गाडी गेली. तेवढं पाहून परत आल्या.

"आन् थे?" मी विचारलं. "जोडीदार?"

"त्यानं तोंड भिंतीकडे केलं. मी बसलो. दुसऱ्या दिवशी गेलो, पुना भिंतीकडे. पुना बसलो."

"बाबा, तुमाले राग नाई आला?"

"आला ना. जातानीही होता. राग घेऊनच बसलो."

"मंग गेले कायले?"

बाबा म्हणाले, "थ्या पिच्चरमधी कोनी असं नाई म्हनलं का पयले राग जाऊ द्या आन् मंग बसा. म्या वाट पायली असती तं एक तं थो गेला असता, नाई तं मी."

त्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर गेले. काकूंचा चेहरा मला लग्नातला आठवत होता, हळदीच्या पातळातला, लगबगीचा. आता गालाची हाडं वर आलेली. खोली स्वच्छ होती, चादर धुतलेली. एका बाईनं एकटीनं एवढं ठेवलं होतं हे पाहून माझ्यातल्या नर्सला आधी कौतुक वाटलं. कमरेपाशी कातडी लाल झाली होती. ती चिघळू नये म्हणून कुशीवर कसं वळवायचं, उजव्या हाताची बोटं रोज कशी उघडायची, ते मी काकूंना दाखवलं. जोडीदाराचे डोळे माझ्यावर होते. मी कुणाची मुलगी ते त्यांनी ओळखलं असावं. डोळ्यांतून पाणी आलं. पण लकव्याच्या माणसाला सहज रडू येतं, म्हणून मी त्यावर काही इमले बांधले नाहीत.

बाबांनी मोबाइलवर तो गाण्याचा भाग लावून पाहिला. जोडीदारानं पाहिला, पण ओठ हलले नाहीत. बाबांनी एक जुनं भजन लावलं, जे जोडीदार पूर्वी म्हणायचे. तेही नाही. काकू म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. त्याच्यात आता आवाजच राह्यला नाई."

पुढचा रविवार मी विसरणार नाही. दिवस कापणीचे होते, काकू चुलीपाशी भाकरी थापत होत्या. जोडीदाराला कुशीवर वळवायचं होतं. अंगानं जड माणूस. मी पायांकडून धरलं, बाबांनी खांद्याखाली हात घातले. आणि उचलण्याआधी, अगदी सवयीनं, बाबांच्या तोंडून गँगची जुनी आरोळी निघाली. रूळ उचलताना सगळ्यांचा जोर एकदम लागावा म्हणून द्यायची ती.

"जोर लगाके..."

आणि खाटेवरून आवाज आला, "हैश्शा!"

घोगरा, तुटका, पण स्पष्ट. आम्ही दोघं जिथल्या तिथे थांबलो. पिठानं भरलेले हात तसेच घेऊन काकू दारात आल्या.

"कोन बोल्लं?"

बाबांनी पुन्हा हात घातले, आणि या वेळी मुद्दाम, मोठ्यानं, पटरीवर द्यायचे तशी आरोळी दिली. "जोर लगाके..."

"हैश्शा!"

काकू तिथेच दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या. जोडीदार स्वतःच्याच आवाजानं चकित झाले होते. डावा हात उचलून त्यांनी तोंडाला लावून पाहिला, जणू ते कुणा दुसऱ्याचं असावं. मग हसले. वाकडं, एका बाजूनं, पण हसू होतं. बाबाही हसायला लागले. आई गेल्यानंतर मी त्यांना असं पोट धरून हसताना पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला मात्र रडू आवरेना.

दवाखान्यात मी आमच्या फिजिओथेरपीवाल्यांना विचारलं. ते म्हणाले की असं होतं. बोलायची जागा दुखावली तरी वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं कधी कधी शाबूत असतं, सूर असलेलं तर जास्तच. सोडू नका, त्याच वाटेनं पुढे जा, पण फार आशा लावू नका. मी दोन्ही गोष्टी बाबांना सांगितल्या. त्यांनी पहिली ऐकली.

मग बाबा रोज पटरीचं बोलायला लागले. मोबाइल खिशातच असायचा. खणायची गैंती, रूळ हलवायची सब्बल, खडी, फावडं. एक शब्द बाबा म्हणायचे आणि थांबायचे. कधी दिवसभर काहीच यायचं नाही. कधी अचानक, पाणी पिताना, "खडी" असा शब्द बाहेर पडायचा. महिन्याभरानं काही शब्द जमले. सबंध वाक्य आजही येत नाही. पण एकदा काकू समोरून जात असताना जोडीदारांनी "थांब" म्हटलं, तेव्हा काकू थांबल्या आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. काय हवं होतं ते त्यांना पुढे सांगता आलं नाही. काकू मला म्हणाल्या, "नसू दे सांगता. मले थांबवलं तं."

दिवाळी झाल्यावर एका दुपारी काकूंनी बाबांना जेवायला थांबवलं. बाबा नको म्हणत होते. काकूंनी खाटेपाशी दोन ताटं मांडली, शेजारी शेजारी. वाढता वाढता खाली मान घालून म्हणाल्या, "भाऊ, थ्या दिवशी मी आत सैपाकात होते. मले मांगून समजलं. तवापासून तुमच्या घरावरून जातानी म्या मान वर नाई केली."

बाबा म्हणाले, "तुमी नव्हत्या तिथी. मले मालूम हाय."

जोडीदार ऐकत होते. डाव्या हातानं त्यांनी आपल्या ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला. तो तुकडा त्यांनी बाबांच्या ताटात ठेवला.

हे बाबांनी मला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. मोबाइल छताकडे वळलेला होता, म्हणून मला फक्त पंखा दिसत होता.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. खाल्ली म्या."

"मिटलं का मंग सगळं, बाबा?"

"नाई. थे हायच. तुह्या आईनं त्या दिवशी नवं लुगडं नेसलं होतं, थे मी कसा इसरन? पन आता त्याच्या मांगंपुढं दुसरंही काही हाय."

मी नंतर त्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं. मला ते जमलं असतं की नाही, सांगता येत नाही. दवाखान्यात मी रोज अनोळखी माणसांना हात लावते, त्यांची घाण काढते, आणि लोक त्याला सेवा म्हणतात. पण ज्यानं दुखावलं त्याच्या खाटेपाशी बिनपगारी जाऊन बसणं हे मला माहीत असलेल्या सेवेत बसत नव्हतं. बाबांना कुणी त्याबद्दल विचारलं तर ते एवढंच म्हणायचे की पिच्चरमधी पायलं, करून पायलं.

हळूहळू बाबा एकटे राहिले नाहीत. मावशी जुड्या बांधायचं काम घेऊन तिथेच जाऊन बसू लागल्या. जोडीदाराच्या डाव्या हातात त्या दोरा द्यायच्या, आणि त्यांनी गाठ ढिली मारली तर ओरडायच्या, "नीट मारा, बजारात सुटते!" विहारातल्या दोन बाया आळीपाळीनं जायच्या. काकूंच्या सासरकडच्या काही जणांना हे रुचलं नाही. त्यांनी येणं बंद केलं. काकू म्हणाल्या, "थे तसेही येत नव्हते." पण त्यांच्याच आळीतला एक जण, लाकडाचं काम करणारा, न बोलावता आला आणि उभं राहायला धरता येईल अशी दांडी भिंतीला ठोकून गेला. त्या दांडीला धरून जोडीदार आता उभे राहतात, कुणी पाठीमागे असेल तर दोन पावलं टाकतात.

विहारातले रविवार सुरूच आहेत. एका रविवारी काकूही आल्या, मावशींचा हात धरून. त्या दिवशी रागावर व्याख्यान होतं. वक्ता फार छान बोलत होता, पण काकूंना पहिल्या पाच मिनिटांत झोप लागली. मावशी त्यांना हलवायला गेल्या, तर बाबांनी खूण केली, झोपू द्या. किती दिवसांची झोप होती कोण जाणे. शेवटी सगळे उठून गेले तरी त्या भिंतीला टेकून गाढ झोपल्या होत्या, आणि आम्ही टीव्ही बंद करून पंखा सुरू ठेवला.

मागच्या हिवाळ्यात काकूंनी एक इच्छा सांगितली. मानोऱ्याकडे त्यांची धाकटी बहीण असते. लकवा झाल्यापासून भेट नव्हती. बहिणीचेही गुडघे गेलेले, तिला येणं होत नव्हतं. बाबा आणि मावशींनी लगेच ठरवलं की दोन दिवस आम्ही पाहतो. मला दिवसा सुट्टी होती, म्हणून सोबत मी.

सकाळी निघताना काकूंनी औषधं कुठे, पाणी कोमट कसं, डाव्या कुशीवर कधी, हे बाबांना इतक्या वेळा सांगितलं की शेवटी खाटेवरूनच आवाज आला, "जा!" आम्ही सगळे हसलो. काकू मात्र हसल्या नाहीत. एक चप्पल घालून त्या पुन्हा आत जाऊन चादर सारखी करून आल्या.

शेलूबाजार यायच्या आतच त्यांनी मला फोन लावायला सांगितला. बाबांना रिंग ऐकू गेली नाही. मावशींनी उचलला. "जा वं बाप्पा सुखानं! आमी काही त्याले बजारात विकून नाई टाकत!" आवाज एवढा मोठा की पुढच्या सीटवरचे दोघे मागे वळून पाहायला लागले. तेव्हा कुठे काकूंच्या चेहऱ्यावर हसू आलं.

कारंज्याला गाडी बदलली. स्टँडवर आम्ही चहा घेतला, आलूबोंडा खाल्ला. काकूंनी आलूबोंडा अर्धा करून कागदात गुंडाळायला घेतला, मग थांबल्या आणि तोही खाल्ला. मानोऱ्याच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. वेळ जावा म्हणून मी मोबाइल काढला आणि विचारलं, "काकू, लावू का एखादं?"

"नको पोरी. आज मले पाहू दे."

त्या बाहेर पाहत राहिल्या. तुरीची वावरं, कापूस वेचणाऱ्या बाया, तांड्यावरची रंगीत घरं. कुठे ट्रॅक्टरवर सामानाचे गठुडे बांधून कामाला निघालेली कुटुंबं. प्रत्येक गोष्टीकडे त्या मान वळवून, ती मागे जाईपर्यंत पाहायच्या. मधेच म्हणाल्या, "अथी पह्यले एक मोठं चिंचेचं झाड होतं."

मानोऱ्याच्या स्टँडवर बहीण बाकावर बसून होती. काठी बाजूला, डोक्यावर पदर. काकू गाडीतून उतरल्या आणि दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. दोघींचेही केस पांढरे झाले होते, आणि बहुधा दोघींना ते एकदमच कळत होतं.

"काय वं," बहीण म्हणाली, "किती वाळली तू!"

"आन् तू? तू तं बुढी झाली!"

मग बहिणीनं काठी न घेताच उठायचा प्रयत्न केला, काकूंनी तिला सावरलं, आणि दोघी एकमेकींना धरून डुलत उभ्या राहिल्या. कोण कुणाला धरून होतं ते सांगता आलं नसतं. मी पिशवी बाकावर ठेवली. बहीण मला घरी चला म्हणून ओढत होती, पण रात्री माझी ड्यूटी होती. परवा न्यायला येते म्हणून मी कारंज्याच्या गाडीत बसले.

गाडी सुटायला वेळ होता. खिडकीतून त्या दिसत होत्या. घर जवळच होतं, पण दोघी पुन्हा बाकावर बसल्या, त्या अजून उठल्याच नव्हत्या. मधे पिशवी, पाय पुढे पसरलेले, आणि दोघी एकाच वेळी बोलत होत्या.